पावसाळ्यात मॉडेलवरचा मॅट कोट पांढरा का पडतो आणि काय करावं

मृग लागला की दरवर्षी हाच प्रश्न येतो. महिना-दोन महिने खपून विमानाचं किंवा जहाजाचं प्लास्टिकचं किट जोडलं, रंगवलं, डीकॅल (खुणांची पातळ चिकटचित्रं) बसवले, आणि शेवटचा मॅट क्लिअर कोट, म्हणजे चकाकी घालवणारा लॅकरचा पारदर्शक थर, मारल्यावर पाच-दहा मिनिटांत सगळ्या मॉडेलवर दुधाळ झाक आली. गडद रंगावर ती जास्तच दिसते. १९७१ च्या विक्रांतवरचं सी हॉक करणाऱ्यांना तर हा त्रास ठरलेला, कारण त्या विमानाची पाठ एक्स्ट्रा डार्क सी ग्रे रंगाची आणि त्या रंगावर पांढरटपणा लपत नाही. मग बाटली बदलली जाते, दुसऱ्या कंपनीचा कॅन मागवला जातो. पुण्यातला मित्र तोच कॅन वापरून स्वच्छ फिनिश काढून दाखवतो आणि इकडे रत्नागिरीत, मालवणात, वेंगुर्ल्यात पुन्हा तेच.

बाटलीत बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतं. खोलीतली हवा आणि मॉडेलचा पृष्ठभाग यांचा हिशेब चुकलेला असतो. तो हिशेब तोंडी करता येतो. एकदा तो अंगवळणी पडला की आषाढातही लॅकर मारता येतं, फक्त कुठल्या दिवशी मारायचं नाही हे आधी कळतं.

नेमकं होतं काय

लॅकरमधलं थिनर, म्हणजे ते पातळ करणारं द्रावक, फार वेगाने उडतं. उडताना लागणारी उष्णता ते ओल्या कोटातूनच घेतं, त्यामुळे कोटाचं तापमान खोलीपेक्षा काही अंश खाली जातं. ते हवेच्या दवबिंदूखाली, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं त्याच्याखाली, गेलं की हवेतली वाफ ओल्या लॅकरवरच पाणी होऊन बसते. पाण्यामुळे रेझिन, म्हणजे लॅकरमधला सुकून थर बनणारा भाग, नीट विरघळलेला राहत नाही आणि कोट सुकताना आत अतिसूक्ष्म पोकळ्या राहतात. उजेड त्या पोकळ्यांवर विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. याला ब्लशिंग म्हणतात. खालचा रंग शाबूत असतो, म्हणूनच पुढे सांगितलेली दुरुस्ती होऊ शकते.

लाकडी गलबतं करणाऱ्यांनीही हे वाचावं. चपड्याचं पॉलिश आणि एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर दोन्ही दमट हवेत असंच पांढरं पडतं. पावसात पॉलिशचं काम धरायला सुतार नाखूश असतात ते यामुळेच.

अंशांचा हिशेब

पंख्याखालच्या भिंतीवर एक साधा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा मीटर) लावा. त्यावरची आर्द्रता १०० मधून वजा करा आणि उरलेल्या आकड्याला ५ ने भागा. उत्तर येईल तेवढ्या अंशांनी खोलीचं तापमान दवबिंदूच्या वर आहे. आर्द्रता पन्नासच्या वर असेल तर हा ठोकताळा कामापुरता बरोबर येतो, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती पन्नासखाली जात नाही.

आता पाहा. २८ अंश आणि ९० टक्के, म्हणजे जुलैतली कुठलीही झडीची संध्याकाळ: हातात फक्त २ अंश. थिनर उडताना एवढी घट सहज होते. त्याच खोलीत आर्द्रता ५० टक्के असती तर हातात १० अंश असते आणि कोट काचेसारखा स्वच्छ बसला असता. श्रावणातल्या उघडिपीची दुपार, ३१ अंश आणि ७० टक्के: हातात ६ अंश. ही वेळ सोडू नका.

पूल आणि जहाजांच्या पोलादी रंगकामात पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम असावा असा दंडक आहे. ते रंग सावकाश सुकणारे असतात. आपलं लॅकर स्वतःच स्वतःला थंड करतं, म्हणून मी किमान ५ अंश धरतो. ५ अंश म्हणजे ७५ टक्के आर्द्रता, आणि हा आकडा स्वयंपाकघरातही सापडतो. शुद्ध मीठ साधारण ७५ टक्क्यांच्या वर हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. बरणीतल्या रिफाइंड मिठाला पाणी सुटलं असेल त्या दिवशी मॉडेल गरम केल्याशिवाय (ते कसं, पुढे येईल) लॅकर मारू नका.

याच गुणाने हायग्रोमीटरही तपासता येतो. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, त्यावर ते ओलं होईल पण पूर्ण विरघळणार नाही इतके पाण्याचे थेंब टाका. झाकण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत घट्ट बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी मीटरने ७५ दाखवायला हवं. ८० दाखवत असेल तर ५ जास्त दाखवतो असं मीटरवरच लिहून ठेवा. चाचणीला पिशवीतलं साधं रिफाइंड मीठच घ्या. मिठागरातल्या खडेमिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, त्याला पाणी फार लवकर सुटतं आणि आकडा चुकतो. स्वस्त मीटर पाच-सात टक्क्यांनी चुकणं अगदी नेहमीचं आहे, आणि इथे पाच टक्के म्हणजे एक अंश.

आधी खात्री करा की हे ब्लशिंगच आहे

पांढरं दिसलं म्हणजे ओलाव्याचंच काम, असं नाही. चार वेगळ्या गोष्टी सारख्याच दिसतात आणि एकीचा उपाय दुसरीवर केला तर मॉडेल हातचं जातं.

ब्लशिंग कोट मारल्यावर काही मिनिटांत येतं आणि कोट जिथे ओला, जाड बसला तिथे जास्त असतं. पंखाच्या मुळाशी, फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) खोलगट भागात ते आधी दिसतं. कोट मारून दोन दिवस झाल्यावर उगवलेला पांढरेपणा ब्लशिंग नसतो.

दुसरा प्रकार मॅट पावडरचा. मॅट कोटात बारीक सिलिका असते आणि ती बाटलीच्या तळाशी बसते. बाटली पुरेशी ढवळली नाही तर वरचं पातळ आधी संपतं आणि शेवटी सिलिकाचा गाळच मॉडेलवर जातो. पांढरेपणा सगळीकडे सारखा, कोरडा, खडूसारखा दिसतो, आणि हे कडक उन्हाळ्यातही होतं. ओळखायला बोट किंचित ओलं करून पोटाकडच्या भागावर फिरवा. ओलं असेपर्यंत झाक नाहीशी होते, पण ती ब्लशिंगमध्येही बऱ्याचदा होते, म्हणून एवढ्यावर निर्णय देऊ नका. काळा रंग देऊन सुकवलेल्या प्लास्टिकच्या चमच्यावर त्याच बाटलीतला कोट एसीच्या कोरड्या खोलीत मारून पाहा. तिथेही पांढरं आलं तर दोष सिलिकाचा.

तिसरा, डीकॅलखाली अडकलेली हवा. चंदेरी झाक फक्त डीकॅलच्या पारदर्शक फिल्मपुरती असते आणि कडा स्पष्ट दिसतात. यावर क्लिअर कोटाचा काहीही इलाज चालत नाही. सुईने बारीक टोचून डीकॅल सोल्यूशन आत मुरवावं लागतं.

चौथा सुपरग्लूचा. कॅनोपीच्या (वैमानिकाच्या जागेवरच्या पारदर्शक झाकणाच्या) आतून किंवा सांध्याच्या बाजूने पांढरी भुकटी बसते. सुपरग्लूची वाफ हवेतल्या ओलाव्याशी भिडून घट्ट होते, म्हणून पावसाळ्यात हा त्रास वाढतो. कॅनोपीला सुपरग्लू लावायचाच नाही, पांढरा पीव्हीए गोंद किंवा कॅनोपी ग्लू वापरायचा, एवढं पाळलं की प्रश्न मिटतो.

पांढरं पडलेलं मॉडेल वाचवणं

पहिली गोष्ट, घाईने वरून दुसरा कोट मारू नका. तीच हवा आहे, पांढऱ्यावर आणखी पांढरं चढेल.

मॉडेल सिलिका जेल टाकलेल्या बंद डब्यात रात्रभर ठेवा. झाक हलकी असेल तर पुष्कळदा सकाळपर्यंत आपोआप उतरते, कारण कोट अजून पुरता घट्ट झालेला नसतो आणि पाणी बाहेर निघालं की रेझिन पुन्हा जवळ येतं. डबा धान्याचा हवाबंद असला तरी चालतो, पण सिलिका जेलऐवजी तांदूळ टाकू नका. तांदूळ फार थोडा ओलावा ओढतो आणि त्याचं पीठ ताज्या कोटावर बसतं.

रात्रीत उतरली नाही तर रिटार्डरचा फवारा. रिटार्डर म्हणजे सावकाश उडणारं द्रावक. ते कोट पुन्हा जरा मऊ करतं, आतल्या पोकळ्या बुजतात आणि सुकणं सावकाश असल्यामुळे पृष्ठभाग थंड पडत नाही. मिस्टर कलर लेव्हलिंग थिनरमध्ये ते आधीच मिसळलेलं असतं, म्हणून मी तेच वापरतो. एअरब्रशमध्ये (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनात) नुसतं हे थिनर घ्या, दाब एक बारच्या आत ठेवा आणि हातभर अंतरावरून धुक्यासारखा पातळ फवारा द्या. पृष्ठभाग क्षणभर ओलसर चमकला पाहिजे, वाहता कामा नये. मग थांबा. पाच मिनिटांनी पुन्हा एकदा. दोन-तीन फवाऱ्यांत पांढरेपणा गेला नाही तर चौथा मारू नका, निदानच चुकलेलं असण्याची शक्यता जास्त.

हे करण्याआधी पोटाखाली किंवा चाकाच्या खोबणीत करून बघणं सक्तीचं समजा. खालचा रंग ॲक्रिलिक असेल तर लॅकरचं थिनर तो उचलू शकतं, आणि डीकॅलवर थोडं जास्त पडलं तर डीकॅल सुरकुततो. कॅनोपी तर झाकलीच पाहिजे.

सिलिकाच्या गाळाने पांढरं पडलं असेल तर थिनरपेक्षा वरून ग्लॉस कोट बरा. ग्लॉस खडबडीत पृष्ठभाग भरून काढतो, रंग पुन्हा खोल दिसतो. पुरता सुकला की वेगळ्या, नीट ढवळलेल्या बाटलीतून हलका मॅट. तेलाचं बोट फिरवून झाक घालवण्याची युक्ती काही जण सांगतात. दिसायला ती लागू पडते, पण तेलावर पुढचा कुठलाच कोट धरत नाही, त्यामुळे मी ती कुणालाही सुचवत नाही.

पुन्हा होऊ नये म्हणून

पेणपासून कुडाळपर्यंत गणपतीच्या शाळांमध्ये ऐन आषाढ-श्रावणात काम चालतं, आणि तिथे मूर्ती सुकवायला जवळ मोठे बल्ब किंवा हॅलोजन लावलेले दिसतात. यातला मुद्दा आपल्याला जसाच्या तसा उपयोगी आहे: हवा कोरडी करता येत नसेल तर वस्तू गरम ठेवा. २८ अंश, ९० टक्क्यांची हवा बंद कपाटात ३६ अंशांपर्यंत गरम केली तर आर्द्रता ५७ टक्क्यांच्या आसपास येते. हवेतलं पाणी तेवढंच राहतं, दवबिंदूही २६ च्या आसपासच राहतो, पण मॉडेल आता त्याच्या १० अंश वर असतं.

म्हणून पावसाळ्यात माझी पद्धत अशी. एका छोट्या कपाटात तारेचा जुना चाळीस वॅटचा बल्ब, एलईडी नव्हे, आणि आत थर्मामीटर. मॉडेल कोट मारण्याआधी तासभर आत. चाळीसच्या वर तापमान जाऊ द्यायचं नाही, कारण किटचं प्लास्टिक उकळत्या पाण्याच्या बरंच आधी मऊ पडतं आणि लांब पातळ पंख त्याहून आधी वाकतात. बाहेर काढल्याबरोबर फवारायचं, कारण पातळ प्लास्टिक दोन-तीन मिनिटांत थंड होतं. एका वेळी एकच बाजू, पातळ कोट. मग मॉडेल सिलिका जेलच्या डब्यात, आणि थिनरचा वास पूर्ण गेल्यावरच परत कपाटात. बल्बच्या कपाटात ओलं लॅकर किंवा उघडी थिनरची बाटली कधीही ठेवू नका; ती वाफ पेट घेते. हेअर ड्रायरचंही तेच: कोट मारण्याआधी मॉडेल गरम करायला चालेल, ओल्या कोटावर नाही.

मिश्रणात रिटार्डर घालायचं तर एकूण मिश्रणाच्या दहा टक्क्यांच्या आत. जास्त घातलं तर कोट दिवसेंदिवस मऊ राहतो आणि बोटांचे ठसे उमटतात. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात एनसी थिनर आणि रिटार्डर दोन्ही मिळतात, चिपळूण-रत्नागिरीत सहज, पण एनसी थिनर पॉलिस्टायरिनला, म्हणजे किटच्या प्लास्टिकला, खातं. आधी स्प्रूच्या (किटचे भाग ज्याला जोडलेले येतात त्या चौकटीच्या) तुकड्यावर बघा, आणि नुसत्या प्लास्टिकवर ते नकोच.

स्प्रे कॅनमध्ये रिटार्डर घालता येत नाही. त्यात भर म्हणजे आतला वायू बाहेर पडताना कॅन आणि फवारा दोन्ही गार होतात, म्हणून पावसाळ्यात सर्वाधिक तक्रारी कॅनच्या असतात. कॅन कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा. हात सुखाने बुडेल इतकंच कोमट, गॅसवर किंवा उन्हात कधीच नाही. पन्नास अंशांवर कॅन नेऊ नये असं त्यावरच छापलेलं असतं. पुसून कोरडा करा, हलवा आणि लहान-लहान फटकाऱ्यांनी मारा. आर्द्रता ८० च्या वर असेल तर कॅनला हात लावू नका, इतकं मी ठामपणे सांगेन.

एसी असेल तर उत्तम, पण एक मोठा खड्डा तिथेही आहे. एसीच्या खोलीत २४ अंशांवर तासभर बसलेलं मॉडेल वास नको म्हणून पडवीत नेऊन फवारलं जातं. पडवीतला दवबिंदू २६. एसीच्या गाडीतून उतरल्यावर चष्म्यावर वाफ धरते तशी मॉडेलवर ती तत्क्षणी धरते, फक्त डोळ्यांना दिसत नाही, आणि त्यावर लॅकर मारलं की पांढरं पडणारच. रंगकाम जिथे करायचं तिथेच मॉडेल अर्धा तास आधी ठेवा. स्प्रे बूथचा (फवारणीच्या खोक्याचा) पंखा खोलीतली हवा बाहेर फेकतो तेवढीच ओली हवा दाराच्या फटीतून आत येते, म्हणून एसी आधी चालवून खोली कोरडी करा, पंखा फवारण्याच्या मिनिटांपुरताच लावा.

समुद्राजवळच्या घरात आणखी एक गोष्ट. उघड्या खिडकीशी ठेवलेल्या मॉडेलवर खाऱ्या हवेचा चिकट थर बसतो, आणि मीठ ओलावा धरून ठेवतं. कोट मारण्याआधी रंगवलेलं मॉडेल गोड्या पाण्यात भिजवलेल्या मऊ ब्रशने पुसा आणि पूर्ण सुकवा. डीकॅलचा सुकलेला गोंदही याच पुसण्यात निघून जातो. अल्कोहोलने पुसू नका, ॲक्रिलिक रंग उचलला जाईल.

कॉम्प्रेसरचं पाणी

एअरब्रशला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरचा हा वेगळा रोग आहे, पण ब्लशिंगबरोबर एकत्र सांगितला जातो. सगळ्या मॉडेलवर सारखी झाक न येता मधेच फटकन थेंब उडाला, गोल डाग पडला, तर पाणी नळीतून आलेलं आहे. २८ अंश, ९० टक्क्यांच्या एक घनमीटर हवेत साधारण साडेचोवीस ग्रॅम पाणी असतं. टाकीच्या दाबमापकावर २ बार (म्हणजे बाहेरच्या हवेच्या तिप्पट) दाब झाला की तीच हवा एक तृतीयांश जागेत बसते आणि गार झाल्यावर नऊ ग्रॅमच पाणी वाफेच्या रूपात धरू शकते. उरलेलं पंधरा ग्रॅम, म्हणजे तीन चहाचे चमचे, टाकीत आणि नळीत साठतं. छोटा कॉम्प्रेसर सलग तासभर चालला तर एवढी हवा सहज ओढतो. एसीच्या खोलीत, २४ अंश आणि ५० टक्क्यांना, हेच पाणी चमचाभरही होत नाही.

टाकीच्या तळाचा नळ प्रत्येक बैठकीनंतर उघडा. कॉम्प्रेसरजवळचा वॉटर ट्रॅप (पाणी अडवणारी कुपी) पुरत नाही, कारण हवा तिथे अजून गरम असते आणि पाणी पुढे नळीत गार झाल्यावर सुटतं. एअरब्रशच्या अगदी मुठीशी बसणारा दुसरा छोटा ट्रॅप घ्या आणि नळी लांब ठेवा.

लॅकर टाळायचं असेल तर

पाण्याचा मॅट व्हार्निश अशा तऱ्हेने पांढरा पडत नाही. पण ९० टक्के हवेत त्याचं पाणी उडायला जागाच नसते, तो तासन्‌तास चिकट राहतो आणि पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती येणारे पंखवाले किडे नेमके त्यावर बसतात. कोट मारल्याबरोबर मॉडेलवर डबा झाका, आणि पहिला थर पुरता सुकल्याशिवाय दुसरा मारू नका, नाहीतर खालचा दुधाळच राहतो. एनॅमल मॅट पावसाळ्याला सगळ्यात सोसणारा: त्याचं द्रावक सावकाश उडतं, पृष्ठभाग फारसा गार पडत नाही. दोन-तीन दिवस वाट पाहायची तयारी असेल तर जुलैमध्ये मी तोच सुचवेन.

दरवेळी मॉडेलच्या आधी काळ्या रंगवलेल्या प्लास्टिकच्या चमच्यावर कोट मारा, दहा मिनिटं थांबा. चमचा काळाच राहिला तर पुढे जा. चमच्याच्या मागे तारीख, तापमान, आर्द्रता आणि मिश्रणाचं प्रमाण मार्करने लिहा. एका मोसमात आपल्या खोलीचा तक्ता तयार होतो.

मास्क बाष्प शोषणाऱ्या कार्ट्रिजचाच हवा, साधा कापडी नाही. पावसाळ्यात ही कार्ट्रिज हवेतला ओलावाही शोषतात आणि लवकर निकामी होतात, म्हणून काम संपलं की घट्ट पिशवीत बंद करा आणि मास्क लावून वास यायला लागला तर त्याच दिवशी बदला.

ऑक्टोबरात पाऊस गेल्यावर रिटार्डरचं प्रमाण कमी करत आणा. थंडीत सकाळी जमिनीवरून वारा सुटला की रिटार्डरशिवायचं साधं मिश्रणही चालतं, आणि पावसाळ्यातली बाटली तशीच वापरली तर कोट आठवडाभर मऊ राहील. दोन्ही बाटल्यांवर मोसम लिहून ठेवा.